मूल घरी आल्यानंतरचं पहिलं वर्ष

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्या आपल्याच सोसायटीच्या सभासद असून मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेत त्यांनी समाजसेविका म्हणून अनेक वर्षं काम केलं आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



कमिटीने विचारलं, "ताई, कशावर बोलाल?" मी म्हटलं, मला एकच विषय येतो. तेव्हा कुणीतरी सुचवलं, "सणासुदीचे दिवस आहेत, जरा हलकंफुलकं ठेवा." बघते प्रयत्न करून. लहान मुलांना आरतीनंतर खाली खेळायला सोडलंय हे मात्र चांगलं केलंत, कारण आजचं बोलणं मोठ्यांसाठी आहे.

दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ येतं. मग बारसं, पेढे, पाळण्याला फुगे. त्या बाळाबद्दल मी आज बोलणार नाही. त्याच्यासाठी यादीत नावं घालून लोक तीन-तीन वर्षं थांबलेले असतात. मी बोलणार आहे सहा, आठ, दहा वर्षांच्या मुलांबद्दल. ही मुलं संस्थेत वाढलेली असतात, काही जण मधली वर्षं दुसऱ्या एखाद्या कुटुंबाकडे सांभाळायला, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, राहिलेले असतात, आणि मग एक दिवस दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन कुणाच्या तरी घरी कायमचे राहायला येतात. त्यांच्यासाठी रांग नसते. आणि ती आली की बारसंही नसतं, त्यामुळे शेजाऱ्यांना नक्की काय करायचं ते कळत नाही.

उदाहरणं देईन ती खऱ्या घरांवरून. नावं-गावं बदललेली नाहीत, कारण मी ती सांगणारच नाहीये.

कायद्याचं थोडक्यात उरकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. सगळी नोंदणी 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवरून होते. कुणाच्या ओळखीने, परस्पर, हॉस्पिटलमधून वगैरे काही नाही. २०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो आदेश येण्याआधीच मूल घरी आलेलं असतं. या मधल्या काळाला दत्तकपूर्व फॉस्टर केअर म्हणतात. त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, संस्थेची समाजसेविका घरी येऊन अहवाल लिहिते. ती मी. म्हणजे माझ्यासारखी. आणि जे कुटुंब आधी फॉस्टर म्हणून मूल सांभाळत असेल त्याला पूर्वी पाच वर्षं थांबावं लागायचं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांनी दत्तकासाठी पुढे जाता येतं, अर्थात ते मूल कायद्याने मोकळं असेल तरच.

बाकीची माहिती पोर्टलवर मिळेल. मी कागद झाल्यानंतरचं बोलते, कारण ते कुठे लिहिलेलं सापडत नाही.

मूल घरी येतं आणि पहिले पंधरा दिवस, कधी दोन महिनेही, फार शहाण्यासारखं वागतं. सांगाल ते खातं. ताट उचलून ठेवतं. "काय हवं बाळा?" विचारलं तर म्हणतं, "काहीही." शेजारी म्हणतात, किती गुणी आहे हो! आईवडील मला फोनवर सांगतात, "ताई, तुम्ही उगाच घाबरवत होतात." आम्ही याला पाहुणेपणाचे दिवस म्हणतो. आपण नाही का, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पोहे आवडले नाहीत तरी संपवतो. हे मूल तेच करत असतं, आणि इथून कधी निघायचंय याचा मनात अंदाज घेत असतं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा ताट ढकलून "मला नाही आवडत ही भाजी" म्हणतं, त्या दिवशी मी आईला सांगते, आता पेढे वाटा.

या मुलांना काय माहीत नसतं, याची आपल्याला कल्पना येत नाही. एक सात वर्षांचा मुलगा शाळेत हुशार, पाढे घडाघडा म्हणायचा. पण कच्चे तांदूळ आणि भात हे एकच, हे त्याला घरात कुकर उघडताना बघून कळलं. संस्थेत जेवण ताटातच येतं, स्वयंपाकघरात मुलांना जाऊ देत नाहीत. दुसरी एक मुलगी. नवा फ्रॉक घातला, संध्याकाळी तो धुवायला टाकला, आणि रात्री हळूच विचारते, "धुतल्यावर परत मलाच मिळेल?" संस्थेत कपाट सगळ्यांचं मिळून असतं. मापाचा जो कपडा वर असेल तो आजचा आपला. 'माझं' हा शब्द मुलाला येतो, पण त्याचा अर्थ हाताला लागलेला नसतो. मग अशी मुलं घरातल्या वस्तू उचलतात, लपवतात, आणि आपण त्याला चोरी म्हणतो.

खाण्याचं तर जवळजवळ प्रत्येक घरात होतं. उशीच्या अभ्र्यात पोळी, दप्तराच्या कप्प्यात बिस्किटं, आणि मग मुंग्यांची रांग. आई रडकुंडीला येते. "आम्ही काय उपाशी ठेवतो का हिला?" नाही हो, तुम्ही नाही ठेवत. पण उद्याचं जेवण उद्या नक्की येतं, हे त्या पोटाला अजून पटलेलं नाही. मी एकच सांगते. मुलाचा हात पोचेल अशा फळीवर एक डबा ठेवा. चिवडा, लाडू, शेंगदाणे, काहीही. तो कधीही रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि त्यातून किती खाल्लं हे विचारायचं नाही. दोन-तीन महिने तो डबा रोज भरलेला दिसला की हळूहळू उशी स्वच्छ राहायला लागते. दात किडतील म्हणाल, तर किडू देत थोडे. डेंटिस्ट आहेत आपल्याकडे.

झोपेचंही असंच. आईवडील हौसेने वेगळी खोली सजवतात, भिंतीवर चांदण्या चिकटवतात. ज्या मुलाने आजवर वीसेक मुलांच्या हॉलमध्ये, एकमेकांचे श्वास ऐकत रात्री काढल्या, त्याला त्या सजवलेल्या खोलीतली शांतता भयंकर वाटते. एका घरात सकाळी दार उघडलं तर मुलगा आईवडिलांच्या दाराबाहेर फरशीवर झोपलेला. त्यांनी शहाणपणा केला. काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून आपल्या पलंगाशेजारी गादी घातली. चांदण्यांची खोली दीड वर्ष कपडे वाळत घालायला वापरली.

आणि वडील. काही मुलांनी संस्थेत फक्त मावश्या आणि ताया बघितलेल्या असतात. घरात चोवीस तास एक पुरुष, त्याचा मोठा आवाज, त्याचं खोकणं, दाढीचं खरखरीत गाल, हे सगळं नवीन. बाबा बिचारे ऑफिसातून लवकर येतात, आणि मूल सोफ्यामागे लपतं. अशा वेळी बाबांना माझा सल्ला असतो, जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचा. मुलाकडे बघू नका. ते येईल.

आता एक गोष्ट, जी ऐकायला गोड आहे पण मला काळजीची वाटते. काही मुलं कुणाकडेही जातात. लिफ्टमध्ये भेटलेल्या काकांचा हात धरतात, वॉचमनच्या मांडीवर बसतात, पहिल्या भेटीत गळ्यात पडतात. आपण म्हणतो, किती माणसाळलेली आहे! पण त्याच मुलीला जिन्यात पडून गुडघ्यातून रक्त आलं तेव्हा ती रडली नाही, आईला हाक मारली नाही. नळाखाली पाय धुऊन गप्प बसली. म्हणजे सगळी माणसं तिला सारखीच. आपलं असं माणूस तिच्या हिशेबात अजून नाहीच.

रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांवर साधारण २००० सालापासून एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या मुलांना फॉस्टर कुटुंबांत ठेवलं आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. कुटुंबात गेलेल्यांची वाढ एकंदरीत सुधारली, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त. पण कुणाकडेही जाण्याची ही सवय सहजासहजी जात नाही, हेही त्यांना दिसलं. मोठ्या वयात घरी आलेल्या मुलाला 'आपलं माणूस' कोण, हे मुद्दाम शिकवावं लागतं.

इथे तुमचं काम येतं, शेजाऱ्यांचं. आपल्या रीतीच्या जरा उलट आहे, पण ऐका. असं मूल नवीन आलं असेल तर पहिले काही महिने त्याला उचलून घेऊ नका, भरवू नका, तुमच्या घरी जेवायला बसवू नका. चॉकलेट द्यायचंय? आईच्या हातात द्या, आई त्याला देईल. गुडघा फुटलेला दिसला तर मलम तुम्ही लावू नका, "चल, आईला दाखवू" म्हणून वर घेऊन जा. यात माणुसघाणेपणा काही नाही. सगळं चांगलं याच एका दारातून येतं, हे मुलाला कळायला त्याची मदत होते.

मोठी मुलं मागेही जातात. आठ वर्षांची मुलगी बोबडं बोलायला लागते, दुधाची बाटली मागते, भरवायला लावते. नातेवाईक म्हणतात, लाडावून ठेवलीय. एका घरात मुलीने शेजारच्या बाळाची झोळी बघितली आणि हट्ट धरला, मला पण हवी. बाबांनी छताच्या कडीला आजीचं जुनं लुगडं बांधलं. आठ वर्षांचं ते धूड रोज रात्री दहा मिनिटं त्यात बसायचं आणि आई झोका द्यायची. दीड महिना हे चाललं. मग एक दिवस तीच म्हणाली, "आता काढा ते, माझी सायकल ठेवायला जागा नाही." बाळपण राहून गेलेलं असतं. ते थोडंसं उरकून घेतल्याशिवाय मूल पुढे सरकत नाही.

हे सगळं मी मुलाबद्दल बोलले. घराचं काय होतं?

जे कुणी उघड बोलत नाही ते आज बोलते. अनेक आयांना पहिले काही महिने मुलाबद्दल प्रेम वाटत नाही. दया येते, जबाबदारी वाटते, पण प्रेम नाही. आणि त्याची इतकी लाज वाटते की नवऱ्यालाही सांगत नाहीत. मला स्वयंपाकघरात बाजूला नेऊन, नळ सोडून, हळूच सांगतात, "ताई, मला ती माझी वाटतच नाही." मी म्हणते, तिलाही तुम्ही तिच्या वाटत नाही आहात. दोघी एकाच यत्तेत आहात.

एका घरातली गोष्ट सांगते. मुलगी साडेसात वर्षांची, येऊन तीन महिने झाले होते. रात्री साडेदहाला वडिलांचा फोन. "आम्हाला जमत नाहीये. तिला परत आणून सोडलं तर चालेल का?" मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. आईच्या हातावर चावल्याचे वळ. आरशाच्या काचा गोळा करून कागदात बांधून ठेवलेल्या. मुलगी बाबांशी गोड, आल्यागेल्याशी गोड, आणि आईशी मात्र हे सगळं. "तू माझी आई नाहीस" दिवसातून दहा वेळा. लोकांना वाटायचं, आईच काहीतरी करत असणार.

असं का होतं? या मुलांना एक आई जन्मतःच किंवा नंतर सुटलेली असते. मग संस्थेत एखादी मावशी आवडायला लागते, ती नोकरी सोडून जाते. जीव लावला की माणूस जातं, हा त्यांचा अनुभव आहे. म्हणून जिच्यावर जीव जडायला लागतो तिलाच मूल ढकलून बघतं. जायचंच असेल तर आत्ता जा. ज्या दिवशी चावलं त्याच्या आदल्या रात्री ती मुलगी पहिल्यांदा आईच्या कुशीत झोपली होती. आईनेच मला हे सांगितलं, पण दोन्ही गोष्टी तिने जोडल्या नव्हत्या.

त्या आईची परिस्थिती बघा. २०१७ साली मातृत्व रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवडे रजा आली, पण तीन महिन्यांहून लहान बाळ असेल तर. साडेसात वर्षांच्या मुलीसाठी हिने बिनपगारी रजा काढली होती. सासर-माहेर दोन्हीकडून "आम्ही तेव्हाच सांगत होतो." दिवसभर घरात ती आणि ही मुलगी, दोघीच. बाळंतपण झालेल्या बाईला डिंकाचे लाडू मिळतात, कुणी तेल लावून देतं, कुणी "तू पड जरा" म्हणतं. हिला कोण देणार लाडू? हिचं बाळंतपण कुणाला दिसलंच नव्हतं.

त्या घराला समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी सावरलं, मी नाही. मी फक्त त्यांची बेल वाजवली, आणि तेही आईला विचारून. बाईंनी मुलीला सांभाळायला घेतलं नाही. त्यांनी आईला सांभाळलं. संध्याकाळची भाजी-पोळी दोन महिने त्यांच्याकडून डब्यात यायची. बाबा घरी आले की त्या हिला ओढून पाऊण तास चालायला न्यायच्या. चालताना म्हणे मुलीचा विषय काढायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मालिकांवर बोलायच्या. हळूहळू चावणं थांबलं. आता सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. मुलगी कॉलेजात आहे आणि अजूनही आई सांगून गेली त्याहून अर्धा तास उशीर झाला की सात-आठ फोन करते. पण ती त्या घरची आहे.

एक मूल माझ्या डोळ्यांसमोर परत आलंही. त्याच्याबद्दल फार बोलवत नाही. दप्तर खांद्यावरून न काढता त्याने मावशींना विचारलं, "माझा पलंग कुठला?" पुढचे कित्येक महिने कुणीही पाहुणे आले की ते मूल बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावायचं. परत केलेल्या मुलाला पुन्हा घर मिळणं फार अवघड होतं, आणि मिळालं तरी त्याला ते खरं वाटत नाही. म्हणून मी म्हणते की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आलेला तो रात्रीचा फोन ही सगळ्यात महत्त्वाची वेळ असते. फोन करणारे आईवडील वाईट नसतात, थकलेले असतात. त्या वेळी संस्थेने धावून जायचं असतं, नातेवाइकांनी तोंड बंद ठेवायचं असतं आणि शेजाऱ्यांनी डबा पाठवायचा असतो.

घरात आधीचं मूल असेल तर त्याच्याकडेही बघावं लागतं. अकरा वर्षांच्या मुलीला बहीण हवी होती, तिनेच हट्ट केला होता. बहीण आली आणि पहिल्या आठवड्यात हिच्या चित्रकलेच्या वहीत रेघोट्या. वर आईचं म्हणणं, "तू मोठी आहेस, समजून घे." किती समजून घेईल? त्या आईने शेवटी शनिवारची दुपार मोठीची ठरवली. फक्त दोघी, धाकटी बाबांकडे. त्या दुपारी मोठीने धाकटीला यथेच्छ नावं ठेवली तरी चालेल, असा करार होता.

आजी-आजोबांचं मला नेहमी नवल वाटतं. सगळ्यात कडक विरोध त्यांचा, आणि वर्षभराने "आमच्या नातीला कुणी काही बोलायचं नाही" म्हणणारेही तेच. पण काही घरांत गाठ सुटत नाही. घरात जेवायला-खायला सगळं सारखं, आणि कुलदैवताला जाताना, लग्नपत्रिकेत नाव घालताना कुणीतरी अडखळतं. ही जुनी गोष्ट आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी यशवंतला दत्तक घेतलं. जोतीराव १८९० साली गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरायचा हक्क दत्तक मुलाला नाही, म्हणून भाऊबंदांनी वाद घातला, असं चरित्रांत वाचायला मिळतं. शेवटी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. आज कायद्याने दत्तक मुलाचे सगळे हक्क पोटच्या मुलाइतकेच आहेत. पण तो भाऊबंदांचा प्रश्न अजून अधूनमधून आपल्या हॉलमध्ये, आपल्या जेवणाच्या पंगतीत डोकावतो.

आता लिफ्टमधलं बोलणं. "किती पुण्याचं काम केलंत हो!" हे वाक्य आईवडिलांना उद्देशून असतं, पण मूल शेजारी उभं असतं. त्याला काय कळतं? की मी म्हणजे कुणाचं तरी पुण्य. पोटच्या मुलाच्या आईला आपण असं म्हणतो का? "पोरीने नशीब काढलं" हेही तसंच. आईवडील सुटले, मैत्रिणी सुटल्या, हे नशीब काढणं नाही. "खरे आईवडील कोण?" तर खरे हेच, रात्री ताप बघायला उठणारे. दुसरीला जन्म देणारी आई म्हणा. आणि चेहरे जुळवत बसू नका. "नाक अगदी तुमच्यावर गेलंय" असं कौतुकाने म्हणता, आणि मग आईने हसायचं की खरं सांगायचं?

व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आपल्या कुटुंबात नव्या पाहुणीचं स्वागत' असं फोटो टाकून करू नका, हे मुद्दाम सांगते. मूल कुठून आलं, कुणी सोडलं, का सोडलं, ही त्याच्या मालकीची गोष्ट आहे. ती कुणाला सांगायची हे ते मोठं झाल्यावर ठरवेल. आईवडिलांनी मात्र मुलापासून ती लपवायची नाही. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाला आपल्या मुळाची चौकशी स्वतः अर्ज करून करता येते, त्याआधी आईवडिलांबरोबर. ज्या घरांत लहानपणापासून यावर बोलणं झालेलं असतं, तिथे हा अर्ज भांडणाचा होत नाही.

शाळेत 'माझं कुटुंब' नावाचा प्रकल्प येतो आणि बाई सांगतात, "तान्हेपणीचा फोटो आणा." या मुलांकडे तो नसतो. एका शाळेतल्या बाईंना आम्ही हे सांगितलं, तर त्यांनी सगळ्या वर्गालाच सांगितलं, "तुम्ही हसताय असा कुठलाही फोटो आणा." इतकं सोपं. आपल्या सोसायटीत तीन-चार शिक्षक आहेत, त्यांच्यासाठी सांगितलं.

आणि सणाच्या दिवशी हे मूल गप्प झालं तर रागावू नका. दिवाळीत नवे कपडे घालून ते कोपऱ्यात बसतं, कारण संस्थेतल्या मैत्रिणी आठवतात. इथे किल्ला आहे, फराळ आहे, आणि तिकडे त्या. शक्य असेल तर संस्थेला विचारून फोन लावून द्या. मूल परत जाईल या भीतीने आईवडील हे टाळतात. बहुतेक मुलं दोन मिनिटं बोलतात आणि फटाके उडवायला पळतात.

माझं बोलणं झालं. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

(श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही)

"आम्ही दोघंही पन्नाशीला आलो. आता कुठे विचार करणार?"

मोठ्या मुलाचा विचार जरूर करता येतो. जोडप्याच्या दोघांच्या वयांची बेरीज बघतात. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ती शंभरपर्यंत चालते, आठच्या पुढच्या मुलासाठी एकशे दहापर्यंत. फक्त हा विचार घर रिकामं वाटतं म्हणून करू नका. रिकामं घर भरणं हे मुलाचं काम नाही.

"वळण कसं लागणार? मोठं मूल म्हणजे सवयी पक्क्या झालेल्या..."

होतात ना. तुमच्याही झालेल्या आहेत. रात्री साडेनऊला दूरदर्शनच्या बातम्या लावायची सवय एका आजोबांनी नातवासाठी सोडली, पंचेचाळीस वर्षांची. वर्षभरात कुणाच्या किती सवयी बदलल्या याचा मी अहवाल लिहिते तेव्हा घराच्या जास्त निघतात.

"आपल्या सोसायटीत असं कुणी आहे का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तर देणार नाही.

"मग ताई, असं मूल दिसलं तर आम्ही बोलायचंच नाही का त्याच्याशी?"

अहो, बोला की! क्रिकेटमध्ये घ्या. बाद झालं तर बाद द्या, बिचारं म्हणून जीवदान नको. आईने वाटी देऊन साखर मागायला पाठवलं तर साखर द्या. "कुणाची गं तू?" एवढं मात्र विचारू नका. त्याचं उत्तर ती घरी अजून जुळवत असते. नाव विचारा. आणि ती जे नाव सांगेल त्याच नावाने दुसऱ्या दिवशी हाक मारा.